ट्रॅव्हलरचं फ्लोअर: कार्पेटखाली काय निघालं

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गणपती आटोपून काल रात्री गावाहून परत आलो. आठ दिवस कोकणातला पाऊस, आणि येता-जाता गाडीतच चार माणसांचं खाणंपिणं. सकाळी सामान काढायला मागचं दार उघडलं तर असा वास आला की वॉचमनसुद्धा दोन पावलं मागे सरकला. ओल्या गोणपाटावर शिळं ताक सांडल्यासारखा. जातानाही होता म्हणा, पण 'पावसाळा आहे, असणारच' असं म्हणून उदबत्ती लावून मोकळे झालो होतो.

गाडी २००८ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधी ती कुठल्याशा कारखान्यातल्या माणसांची ने-आण करायची. मग पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी सीट काढून पलंग, ओटा, सिंक, पाण्याची टाकी बसवली आणि खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मरून कार्पेट चिकटवून टाकलं. तीन वर्षांपूर्वी आम्ही ती घेतली ती त्या कार्पेटवर भाळूनच. आत पाऊल टाकल्यावर 'अगदी घरासारखं वाटतं' असं बायको म्हणाली होती. मीही मान डोलावली होती.

आता ओट्यासमोर उभं राहिलं की पाय दबतो. थोडासाच, पण भाताच्या खाचरात उतरल्यासारखा. बाबांना खाली बोलावलं. ते बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, सगळी नोकरी बसच्या बॉडीखाली गेली. चप्पल काढून टाचेने ठोकत पुढून मागे गेले. "इथे ठण्ण. इथे ठण्ण. इथे भद." ओट्यासमोर भद, डाव्या मागच्या चाकाच्या कमानीपाशी भद, दाराच्या पायरीजवळ धड ठण्ण नाही न धड भद. "कार्पेट उचल," एवढंच म्हणाले आणि चहाला वर गेले.

माझा आरोपी आधीच ठरलेला आहे: छतावरची हवेची खिडकी. जूनमध्ये तिच्याभोवती सिलिकॉनच्या दोन नळ्या रिकाम्या केल्या होत्या. कमी पडल्या असणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

कार्पेट निघालं. निघालं म्हणजे सोलून काढावं लागलं. सुकी बाजू पत्र्यासारखी घट्ट चिकटलेली, ओली बाजू मात्र उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी हातात आली. वरून खाली थर असे: कार्पेट, त्याला चिकटलेला बोटभर फोम, मग १२ मिलिमीटरचं प्लाय. त्याच्याखाली काय आहे ते अजून दिसलेलं नाही. फोम पिळला की चहासारखं पाणी गळतंय.

कुतूहल म्हणून ओट्यासमोरचा एक चौरस फूट कापला आणि नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. १ किलो ९०० ग्रॅम. पलंगाखालचा तेवढाच कोरडा तुकडा ७०० ग्रॅम. म्हणजे एका चौरस फुटात १२०० ग्रॅम पाणी. असा चिंब भाग अंदाजे २० चौरस फूट भरतो, म्हणजे २४ लिटर. दीड-दोन बादल्या पाणी पायाखाली घेऊन आम्ही कशेडी चढलो आणि उतरलो! रद्दीवाला म्हणाला, "साहेब, कार्पेट घेत नाही आपण."

कार्पेटच्या कडेला, डाव्या चाकाच्या कमानीजवळ, बारीक गाळाचा थर होता. सोसायटीसमोर टपरी असलेले वेल्डरभाऊ बघायला आले आणि छातीठोकपणे सांगून गेले, "ही २६ जुलैची गाडी आहे. पाण्यात उभी होती. फसवलं तुम्हाला." मुंबईत गाडीत चिखल निघाला की तो २६ जुलैचाच असतो. पण २६ जुलै २००५चा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा ही गाडी बनलेलीसुद्धा नव्हती. आरसी बुक दाखवलं, तरी त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही.

मग गाळ बोटावर चोळून बघितला. तांबडा. मिठी नदीचा किंवा इथल्या नाल्यांचा गाळ काळा असतो, त्याला वास असतो. हा जांभ्याचा, गावच्या रस्त्याचा. म्हणजे पुराचं पाणी चढून आलेलं नाही, चाकाने उडवलेलं आत आलंय. आणि वरून, छतातून तर चिखल पडत नाही. माझ्या आरोपीच्या बाजूने हा पहिला पुरावा. मला तो आवडला नाही.

प्लायवर खडूने फूट-फूट चौकोन आखले आणि मित्राकडून आणलेलं ओल मोजायचं पिनवालं मीटर प्रत्येक चौकोनात टोचलं. पलंगाखाली, ड्रायव्हरमागे १५ ते १७ टक्के. हे मुंबईच्या पावसाळ्यात कुठल्याही लाकडाला येतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण २० टक्क्यांच्या वर लाकूड सतत राहिलं की कुजवणारी बुरशी धरते. ओट्यासमोर ३४, कमानीजवळ २७ ते २९, पायरीशी २३. बाबांच्या टाचेने आणि मीटरने तंतोतंत एकच नकाशा काढला. मीटरला एक फायदा, त्याचे गुडघे दुखत नाहीत.

२२ सप्टेंबर, रविवार

ओल कुठे आहे ते कळलं, पण कुठून येते ते नाही. पाणी जिथे साठतं तिथूनच शिरलेलं असतं असं नाही, पन्हळी पत्र्यावर तर मुळीच नाही. शक्यता बऱ्याच: छताची खिडकी, बाजूच्या काचांचं रबर, पुढच्या काचेचं रबर, टाकीचा जोड, सिंकचा पाइप, चाकाची कमान, दार.

बायको ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने हा प्रश्न भाजी निवडता निवडता सोडवला. "सिंकचं पाणी साबणाचं, पावसाचं पाणी बिनसाबणाचं. मग हळद लाव की." स्पिरिटमध्ये हळद कालवली, टिश्यू पेपरच्या पट्ट्या त्यात बुडवून गच्चीच्या दोरीवर वाळवल्या. पिवळ्याधमक. अल्कली लागली की हळद लाल होते. कपड्यावर आमटी सांडल्यावर साबण लावला की डाग लाल होतो, तेच हे. लिक्विड नको, भांड्याचा बार घे म्हणाली, त्यात सोडा असतो. पेन्सिलीने १ ते २४ आकडे घालून पट्ट्या गाडीभर अंथरल्या: ओट्याच्या कपाटाखाली, कमानींपाशी, छतखिडकीच्या बरोबर खाली, काचांखाली, पायरीवर.

शिवाय प्लायवर चाळणीने पांढरी रांगोळी भुरभुरली. ही युक्ती बाबांची. थेंब पडला तर खळगा दिसतो, पाणी वाहिलं तर रेघ दिसते. सेक्रेटरी वरून डोकावून म्हणाले, "गणपती गेले की हो!"

सिंकमध्ये साबणाचं पाणी करून दहा मिनिटं सोडलं. कपाटाचं खालचं फळकूट काढलेलं होतं, तिथे टॉर्च लावून बसलो. सहाव्या मिनिटाला सात नंबरची पट्टी एका कडेने विटकरी झाली आणि रंग हळूहळू आत सरकत गेला. मग आठ. मग नऊ. एवढा आनंद गळती सापडल्यावर कुणाला झाला नसेल. सिंकखालचा घड्यांचा पाइप कपाटाच्या पत्र्याच्या कडेवर टेकलेला होता. गाडी हलली की कड घासायची, आणि घडीच्या बरोबर वळणावर नखाएवढी चीर पडली होती. वरून हात आत घालून चाचपल्यावर ती कळायची नाही, कारण चीर मागच्या बाजूला.

बाकीच्या एकवीस पट्ट्या पिवळ्या आणि कोरड्या. कमानीचा प्रश्न तसाच.

२५ सप्टेंबर, बुधवार

परीक्षा घ्यायला पाऊस स्वतःच आला. दुपारनंतर जो कोसळला तो थांबेना, गाड्या रखडल्या, ऑफिसातून मुलुंडला पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. चिंब होऊन घरात न जाता थेट गाडीत. टॉर्च मारला. चोवीसच्या चोवीस पट्ट्या कोरड्या! छतखिडकीखालची रांगोळी जशीच्या तशी, एक ठिपका नाही.

छत निर्दोष. जूनमधल्या दोन नळ्या सिलिकॉन आणि एक रविवार वाया. उभ्या गाडीत एवढ्या पावसात थेंब येत नाही, म्हणजे काचांचं रबरही निर्दोष. बायकोला उठवून सांगितलं. तिने "उद्या" म्हटलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सातला गाडी काढली. एलबीएस रोडवर मुलुंड ते भांडुप, एकही खड्डा न चुकवता. एरवी अंगावर काटा येतो, आज मुद्दाम डावं चाक डबक्यात घातलं. भांडुपला मेहुण्याचा पॅकिंगचा गाळा आहे, तिथे गाडी लावून बघितलं: १७ आणि १८ नंबरच्या पट्ट्या ओल्याचिंब, रंग पिवळाच, वर काळे शिंतोडे. उभ्या गाडीत कोरडं, चालत्या गाडीत ओलं. कमान फुटली आहे.

पायरीजवळची पट्टी मात्र दोन्ही वेळा कोरडी, आणि तिच्याखालचं प्लाय २३ टक्के. म्हणजे तिथे पाणी वरून पडत नाही, खालून चढतंय. ते प्लाय उचलल्यावरच कळेल.

गाडी आता इथेच राहणार. सोसायटीत ग्राइंडर चालवला तर आधी सेक्रेटरी येतील, मग सभा होईल. मेहुण्याने एक महिना दिलाय. "दिवाळीच्या आधी गाळा मोकळा हवा हं दाजी, माल भरायचाय."

२८ आणि २९ सप्टेंबर

दोन दिवस नुसतं उस्तरणं. टाकी, ओटा, पलंगाची पेटी बाहेर. प्रत्येक स्क्रूचा फोटो काढला, तरी शेवटी अकरा स्क्रू कुठले ते कळत नाही.

प्लायचे स्क्रू उघडायची गरज निम्म्या ठिकाणी पडलीच नाही. ओट्यासमोर पेचकस टोचला तो मुठीपर्यंत गेला. हाताने उचललं तर पापुद्रे सुटले, एकेक थर वेगळा, जुन्या वहीची पानं उलटावीत तसे. मागच्या बाजूला शिक्का वाचता आला: आयएस ३०३, एमआर. हे घरातल्या कपाटांचं प्लाय. दमट हवा सोसतं, साचलेलं पाणी नाही. पुण्याच्या गृहस्थांना मी दोष देत नाही, पुण्यात ते कदाचित आणखी दहा वर्षं टिकलं असतं. मुंबईत आणून कोकणात नेली आम्ही.

प्लायखाली पन्हळी पत्र्याच्या प्रत्येक घळीत थर्माकोलच्या पट्ट्या कापून बसवलेल्या. थर्माकोल स्वतः फार पाणी पीत नाही. पण पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये जी केसाएवढी फट राहते तिथे पाणी शिरतं आणि मग हवा लागत नाही म्हणून ते वाळतच नाही. पट्टी उचलली की खाली पाणी चमकत होतं, आणि त्याखाली पत्रा लोणच्याच्या रंगाचा.

पायरीचं कोडंही सुटलं. घळींमधून पाणी उताराने दाराकडे जातं, आणि तिथे पत्र्याला मुळातच निचऱ्याची भोकं आहेत. तीन. तिन्ही कुणीतरी 'पाणी आत येऊ नये' म्हणून सीलंट भरून बंद केलेली. बाबा तिथे उकिडवे बसून राहिले. "अरे, बसमध्ये लोक छत्र्या घेऊन चढतात. पाणी येणारच. आम्ही फ्लोअर करताना पहिलं बघायचो पाणी जाणार कुठून." मग स्वतःच पेचकसाने एक भोक उकरलं. करड्या रंगाचं पाणी धार धरून खाली आलं आणि थांबायला जवळजवळ मिनिट लागलं.

कमानीची गोष्ट अशी: कुणीतरी टाकीच्या हवेचा पाइप बाहेर काढायला कमानीत भोक पाडलं, पुढे पाइप दुसरीकडून नेला आणि भोक तसंच सोडलं. कापलेल्या कडेला रंग नाही, रबर नाही. तिथून गंज सुरू झाला तो जोडापर्यंत गेला. पत्रा दोन जागी आरपार सडलाय. एक भोक ९ बाय १४ सेंटिमीटर, दुसरं रुपयाएवढं, पण हातोडीने टोकरल्यावर त्याचंही तळहाताएवढं झालं. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत उडवायचाच, लहान दिसावं म्हणून वाचवून ठेवायचा नाही.

खरी धाकधूक आडव्या चॅनलची होती. पत्रा बदलता येतो. चॅसिसला धरणारे चॅनल गेले असते तर गाडी भंगारातच. बाबांनी खाली झोपून प्रत्येक चॅनलवर हातोडी मारली. मी वर उभा राहून आवाज ऐकत होतो. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, सातही. वरवरचा गंज आहे, पण लोखंड जिवंत आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. पत्रा तीन दिवस पंख्याखाली वाळवलेला. आज ग्राइंडरला तारेचा कप लावून गंज काढला. मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि भांडुपचा ऑक्टोबर. कपाची एखादी तार सुटून उडते ती सुईसारखी घुसते. एक माझ्या शर्टात सापडली.

खळग्यांतला गंज कपाने निघत नाही. तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंज-औषध ब्रशने लावलं. तासाभरात तांबडं काळं पडत गेलं, गंजाचं फॉस्फेट होतं. जास्तीचं पुसून काढलं. जिथे काळं न होता ओलसर तांबडंच राहिलं तिथे सैल गंज बाकी आहे असं समजून पुन्हा घासलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

वेल्डिंग. २६ जुलैवाले वेल्डरभाऊच आले, सीओटू मशीन टेम्पोत घालून. कमानीतलं भोक बघून म्हणाले, "हे खालून सडलंय." मी गप्प राहिलो.

आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. पत्र्याला खालून चिकटून गेलेला वायरिंगचा जुडगा मोकळा करून बाजूला बांधला, डिझेलच्या पाइपावर ओलं गोणपाट टाकलं, पाण्याची बादली आणि आग विझवायचा पावडरचा सिलिंडर जवळ. ठिगळाला १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा साधा काळा पत्रा. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेला आणूया असं मीच म्हटलं होतं, तर ते म्हणाले जस्ताचा धूर गाळ्यात नको, ताप येतो. बरोबर आहे त्यांचं. ठिगळाचे कोपरे गोल कापले, कारण चौकोनी कोपऱ्यातून पुन्हा तडा जातो. सलग वेल्ड न मारता समोरासमोर टाके घालत गेले, मध्ये थांबत. सलग मारलं तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो.

आणि एक चूक झाली. चाकाच्या मागच्या घळीत थर्माकोलचा एक तुकडा आत ढकलला गेलेला होता, तो मला दिसलाच नव्हता. ठिणगी गेली आणि काळा धूर निघाला. बाबांनी "बंद!" म्हणून ओरडायच्या आत भाऊंनी मशीन सोडून बादलीतलं मगभर पाणी ओतलं होतं. नुकसान काही नाही, पण माझे पाय पुढचा अर्धा तास हलके हलके वाटत होते. मग प्रत्येक घळीत आरसा आणि टॉर्च घालून बघितलं. आणखी दोन तुकडे निघाले.

६ ऑक्टोबर, रविवार

वेल्डचे उंचवटे घासले. मला वाटलं होतं रेड ऑक्साइड मारला की संपलं. बाबा म्हणाले रेड ऑक्साइड स्वतः पाणी पितो, त्यावर रंग नसेल तर तो नुसता लाल रंगाचा गंज समज. म्हणून दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. त्यावर सगळ्या जोडांना पीयू सीलंट, बोट ओलं करून ओढलेलं, आतून आणि कमानीच्या बाजूनेही. मग खालून डांबरी अंडरकोट. तो मारताना निचऱ्याच्या तिन्ही भोकांत लाकडी खुंट्या घालून ठेवल्या आणि नंतर काढल्या, नाहीतर आपणच ती पुन्हा बुजवायचो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसातून दुपारी सटकून मस्जिदला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीट. भोकाच्या कडेला बसवायची रबराची ग्रोमेट, स्टेनलेस स्क्रू, होज क्लिपा, रबराच्या पट्ट्या. दुकानदाराला भोकाचं माप सांगितलं तर म्हणाला, "भोक आणलंय का?" नव्हतं आणलं. तीन मापांची घेतली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. ग्राइंडर, पेचकस, हातोडी, मीटर सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. ओल मोजायच्या मीटरला हळद लावू नको असं बायको म्हणाली. काम नाही. ठिगळावर आपट्याचं पान ठेवून आलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्लाय. दुकानदार शप्पथ घालून सगळंच वॉटरप्रूफ सांगतो. मला हवं होतं आयएस ७१०चं, मरीन; त्या प्लायला ७२ तास उकळायची चाचणी असते. आमच्या गॅसवर ७२ तास शक्य नव्हते. पण दुकानातून दोन कातरणं मागून आणली, एक ३०३, एक ७१०, आणि पातेल्यात वर परातीचं ओझं ठेवून चार तास उकळली. घरभर कच्च्या लाकडाचा आणि डिंकासारखा वास. आई म्हणाली, "आता ते पातेलं गाडीतच ने." चार तासांनी ३०३चा एक कोपरा उघडला, नख घातलं की थर सरकत होता. ७१०चं पाणी लालसर झालं, तुकडा सुजला नाही. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण पैसे कुठे घालायचे ते कळलं. १२ मिलिमीटरचे तीन शीट सांगितले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

जुन्या प्लायचे तुकडे जोडून फर्मा होण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून मेहुण्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा केला. पॅकिंगचा धंदा असल्याचा फायदा. ओळखीचे सुतारकाका आले होते, त्यांनी जिगसॉने कमानींचे गोल असे कापले की पहिल्याच खेपेत बसले.

एक मोठं शीट घालायचं ही माझी कल्पना होती, सांधा कमी म्हणून. बाबांनी तीन भाग करायला लावले: पुढचा, ओट्यासमोरचा, मागचा. ओट्यासमोरचा भाग बाकीच्यांना न हलवता सुटला पाहिजे. सांधे आडव्या चॅनलवर येतील असे धरले. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकात एपॉक्सीचे दोन हात. पाणी प्लायच्या पाठीतून कमी आणि कडेतून जास्त शिरतं. पहिला हात कडेने असा प्यायला की अर्ध्या तासात जणू लावलाच नव्हता.

घळी यावेळी रिकाम्या. पत्र्याच्या उंचवट्यांवर रबराच्या पट्ट्या, त्यावर प्लाय. थंडी-उष्णता अडवायला प्लायच्या पाठीला ६ मिलिमीटरचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा फोम, तोही उंचवट्यांवर कापून काढलेला. घळीतून हवा आणि पाणी दोन्ही दाराकडे जाऊ शकतं. सुतारकाकांना हे पटलं नाही. "पोकळ ठेवलं तर आवाज करेल." करू दे.

२० ऑक्टोबर, रविवार

वर बसमधलं २ मिलिमीटरचं विनाइल, करडं, दाणेदार. उन्हात तासभर पसरून मऊ केलं, मग भिंतींना दोन इंच वर वळवून घेतलं, म्हणजे सांडलेलं पाणी कडेला शिरणार नाही. चिकटवायच्या एसआर ९९८चा डबा मी उघडून ठेवला होता, तो बाबांनी बंद केला. पूर्ण चिकटवायचं नाही. कडेला ॲल्युमिनियमची पट्टी आणि स्क्रू, बस्स. तीन भागांच्या सांध्यांवर विनाइलही तिथेच कापलेलं. दिसायला जरा सरकारी झालंय. बायकोने बघून विचारलं, "तिकीट काढू का?"

कार्पेट परत नाही, याबद्दल मात्र तिचं काही म्हणणं नाही. पलंगाखालचा कोरडा भाग तिने गच्चीवर धुऊन चार दिवस वाळवून बघितला होता. पाचव्या दिवशी ढग आले आणि वास हजर. पायाखाली आता घरातली निळी सतरंजी, लग्नकार्यात पंगतीमागे घालायची ती. ओली झाली तर कठड्यावर टाकता येते.

सिंकखाली गुळगुळीत जाड पाइप, दोन्ही टोकांना क्लिप, कपाटाच्या कडेला कापलेलं रबर. आणि त्याखाली स्टीलचा एक पसरट ट्रे. ट्रेला सरळ फ्लोअरमधून खाली जाणारी वेगळी नळी, ग्रोमेटमधून. तीनपैकी मधल्या मापाचं बसलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मेहुण्याचा गाळा दिवाळीआधी रिकामा. निघताना पुन्हा चोवीस पट्ट्या अंथरल्या, यावेळी काही फळीखालीसुद्धा. गाळ्याच्या नळाने कमानीत दहा मिनिटं खालून जोरात पाणी मारलं, मग सिंकमध्ये साबण. कमानीच्या पट्ट्या कोरड्या. पण चार नंबरची लाल! ओट्यापासून तीन फूट लांब, जिथे काही नळीच नाही. अर्धा तास सगळं उघडून बसलो. शेवटी मेहुणीने विचारलं, "मी मघाशी सोड्याच्या पाण्याने पुसून घेतलं, चालेल ना?"

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. ताईकडे नाशिकला जाऊन आलो, मुक्काम गाडीत. आवाज वाढलाय, सुतारकाका म्हणाले होते तसा. कसाऱ्याला वर चढताना गाडी डबा वाजवत जाते. चांदवडपर्यंत उगाच फिरवून आणली, दोन्ही दिवस भांडी सिंकमध्येच घासली.

रात्री मुलुंडला आल्यावर ओट्यासमोरची फळी उचलली. सहा स्क्रू, चार मिनिटं. मीटर: ओट्यासमोर १४, कमानीजवळ १४, पायरीशी १५. पट्ट्या पिवळ्या. सिंकखालच्या ट्रेच्या तळाशी मात्र दोन चमचे पाणी होतं, आणि ट्रेमधली पट्टी विटकरी. वरची क्लिप अर्धा फेरा आवळली, ट्रे पुसला आणि नवीन पट्टी ठेवली.